कंटेनरची ओटी

(इस्लामपूरजवळच्या हळद कारखान्याचं ऑफिस. मालकीण राजेश्वरी आणि पॅकिंगवरच्या मुकादम विजयमाला. मग फोनवर ट्रेलरचा ड्रायव्हर सिकंदर.)

राजेश्वरी : ...आणि बँकेला पाठवलेल्या या फोटोत, शेवटच्या रांगेत, अगदी दाराशी, हे हिरवं काय आहे काकू?

विजयमाला : कुटं? चष्मा न्हाई माज्याकडं.

राजेश्वरी : डोक्यावर आहे तुमच्या.

विजयमाला : व्हय की. ...खण हाय.

राजेश्वरी : आणि खणावर?

विजयमाला : नारळ.

राजेश्वरी : आणि खणात?

विजयमाला : पाच मुठी तांदूळ, सुपारी, खारीक. हळकुंड न्हाई घातलं हां. म्हनलं, आत अठरा टन हळद हाय, वर हळकुंड कशाला? तेवढा इचार केला.

राजेश्वरी : कंटेनरची ओटी भरलीत तुम्ही?

विजयमाला : मी एकटीनं न्हाई, चाळीस बायकांनी. हळद लागलेली पोरगी सासरला निघाली, ती बी जर्मनीला, आन् मोकळ्या वटीनं धाडायची? बरं दिसतं का? सुमैरानं नाव घेतलं दाराम्होरं. रेश्मानं तर उखाण्यात नवऱ्याच्या जागी बँकेचं नाव घेतलं.

राजेश्वरी : हसवू नका मला. आज हसणं परवडायचं नाही.

विजयमाला : तुमीच हसताय.

राजेश्वरी : ऐका. कागदावर फक्त हळद पावडर लिहिलीय. बंदरावर दार उघडलं आणि तांदळाचा एक दाणा सापडला तरी सगळा माल अडकतो.

विजयमाला : मंग दार उघडायचं आन् काढायचं. त्यात काय?

राजेश्वरी : दाराला सील लागलंय. सील तोडलं की सगळे कागद पहिल्यापासून, आणि जहाज परवा सुटतंय. सरकारनं निर्यातीच्या कर्जावर व्याजात सूट दिली म्हणून एवढी ऑर्डर घ्यायची छाती झाली आपली. माल जहाजावर चढल्याचा कागद गेला की बँक दुसरा हप्ता सोडणार. त्यातून दुसरी पाळी, नवीन पंधरा माणसं.

विजयमाला : पंधरात आमचा वीरधवल हाय.

राजेश्वरी : हो. चक्कीवर. मी शब्द दिलाय तुम्हाला.

विजयमाला : नऊ वर्सं झाली त्याला भोसरीत. नात मला फोनमधली आजी म्हनती... ताई, म्या माज्याच हातानं घालीवलं की. सिकंदरला लावा फोन.

राजेश्वरी : सहा वेळा लावला. उचलत नाही. ...थांबा, त्याचाच आला. स्पीकरवर टाकते.

सिकंदर : मॅडम, सहा मिसकॉल? वाढे फाट्यावर चहाला थांबलोय, साताऱ्यात. गाडी चालवताना फोन घेऊ नको म्हणून तुमीच सांगितलंय.

विजयमाला : सिकंदर, तितंच थांब. हलू नगंस. आत वटी ऱ्हायलीया.

सिकंदर : नारळ व्हय मावशी? तो हितं हाय की, माज्याशेजारी.

राजेश्वरी : सील तोडलंस तू?

सिकंदर : तोबा तोबा. सील लागायच्या आधीच काढला. तुमी फोटो काढून कागदं आणायला आत गेला, मी दार लोटतोय तर बसतंय कुठं? नारळ आडवा. मावशीनं एवढ्या हौसेनं ठेवलेला, खाली भुईवर कसा ठेवू? घेतला खणासकट केबिनमध्ये, बसवला सीटवर. पट्टा लावलाय.

राजेश्वरी : नारळाला पट्टा?

सिकंदर : वळणावर घरंगळतो मॅडम. खंबाटकी अजून यायचाय.

राजेश्वरी : आणि तांदूळ? आत सांडले असतील तर?

सिकंदर : खणाची गाठ पक्की हाय. दार लावताना मी पण फोटो काढलाय, लगेच धाडतो. दाणा दिसला तर माझं नाव बदला.

राजेश्वरी : नको, तो फोटोच पाठव. बँकेला दुसरा देते. ...काकू, रडताय की हसताय?

विजयमाला : मलाच कळंना. दोनी येतंय. सिकंदर, पोरा, तुजं लय भलं व्हईल बघ.

सिकंदर : मावशी, बंदरावर पोचलो की फोडू का नारळ?

विजयमाला : खुळा का काय तू? पाठराखीण हाय ती. पोरीला पोचवायचं आन् माघारी यायचं. पाठराखीण सासरी ऱ्हाती व्हय कवा?

सिकंदर : मग आणतो माघारी. पट्ट्यासकट.

विजयमाला : येताना ट्रेलर मोकळाच असतोय न्हवं?

सिकंदर : व्हय, बहुतेक मोकळाच.

विजयमाला : जहाजाचा कागद आला की ताई सांगतील तुला. मंग भोसरीत थांब जरा. वीरधवलचं कपाट हाय, शेगडी हाय, पोरीची बारकी सायकल हाय. बसंल का रं?

सिकंदर : अठरा टन बसलंय मावशी. सायकलीला काय झालं?

विजयमाला : तसं न्हवं. पोरीला म्होरं बसीव. नारळ तिच्या मांडीवर दे, आन् पट्टा तिला लाव.