गोळीला डोळं नाय

मंडळी, "या गोळीला डोळं नाय, ज्ञानू. डोळं तुला व्हतं."

हे वाक्य माझ्या थोरल्या भावाला कोणीतरी ऐकवलं, त्याला पंचवीस-एक वर्षं झाली असतील. आज दादाच्या शोकसभेत उभी राहिले, तेव्हा हेच वाक्य आधी ओठांवर आलं. निमगाव, राजुरी, माझ्या सासरचं निरगुडसर, कुठून कुठून तुम्ही आला आहात.

ज्यांनी ते वाक्य म्हटलं ते हरिभाऊ तिकडे मागे, खांबाला टेकून बसले आहेत. दादाचे बांधाला बांध लावून असलेले शेजारी. या शिवारात अजून मेंढरं राखणारं त्यांचं एकच घर. हरिभाऊ, तुम्ही आलात. मला बरं वाटलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. दादाने पहिल्यांदा कोबी लावला आणि त्या पावसाळ्यात गोगलगायी आल्या. शंखवाल्या आपल्या ओळखीच्या. या बिनशंखाच्या, लिबलिबीत. दिवसभर ढेकळाखाली, अंधार पडला की कोवळी रोपं जमिनीलगत कातरायच्या. दुकानदाराने त्यांना मारायच्या विषारी गोळ्या दिल्या. "टाका अन् निवांत झोपा," म्हणाला.

आता गोळ्या टाकायच्या कशा? पेरणीआधी आमच्याकडे शेताच्या चारी कोपऱ्यांवर पानावर नैवेद्य ठेवतात. दादाचा हात त्याच सवयीचा. चार कोपरे, चार पानं, चार मुठी गोळ्या. गोगलगायी मधल्या सरीत जेवत राहिल्या. कोपऱ्यावर आला तो हरिभाऊंचा काळू.

काळू म्हणजे नुसता कुत्रा नव्हता. हरिभाऊ डोळा लागून पडले तरी कळप जागेवर असायचा, तो काळूमुळे. त्या गोळ्या खाऊन तो त्यांच्या मांडीवर तडफडत गेला. दादा समोर उभा होता. तेव्हा हरिभाऊ ते वाक्य बोलले. ओरडले नाहीत. शिवी दिली असती तर दादाला सोपं गेलं असतं.

दर उन्हाळ्यात हरिभाऊंची मेंढरं दादाच्या रानात बसायची. त्या खतावर आमचं रान पोसलं. त्या वर्षापासून मेंढरं बसली नाहीत. दादाने राजुरीहून एक पिल्लू आणून दिलं. ते परत आलं. सोबत निरोप, "तुझ्याच दारात बांध, म्हंजे गोळ्या टाकताना ध्यान राहील."

दादाने पिल्लू दारात बांधलं. आणि ध्यान ठेवलं.

लोक विचारायचे, "एवढं झाल्यावर परत गोळ्या कशाला आणतोस?" दादा म्हणायचा, "गोळी काम करती राव, लई चांगलं करती. पण रोपाजवळ, इरळ इरळ, सांजंला. पाऊस येणार असंल तर नाय, भिजली का तिचा चिखल व्हतो. अन् तिच्या एकटीच्या जिवावर तर नायच. अंडी मातीत असत्यात, ती काय गोळी खायला येतात व्हय?"

म्हणून आधी गोणपाटं. गुळाच्या पाण्यात भिजवून सरीत अंथरायची. सकाळी खाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात. वहिनी, तुम्ही काय म्हणायचात? "गोगलगायींना गूळ अन् गादी, अन् आमचा चहा फिका!" दादा म्हणायचा, "तू पण रोपं खायला लाग, तुला पण देतो." आत्ताही हसलात ना वहिनी? हसा. त्याला आवडलं असतं.

वेचून उरतील त्यांच्यासाठीच गोळ्या. सकाळी मेलेल्या गोगलगायी पुरायच्या, पाखरांनी उचलू नयेत म्हणून. कोबी वाचला. दरवर्षी वाचला. पण मी सांगायला उभी आहे ते कोबीचं नाही.

गोळ्या टाकायच्या दिवशी दादा आधी स्वतःचा कुत्रा बांधायचा. मग बांधावर जाऊन हाक द्यायचा, "हरिभाऊ, आज गोळ्या हायेत! कुत्री बांधा!"

उत्तर नाही. कधीच नाही. माहेरी आले की मी चिडायचे. "दादा, कशाला ओरडतोस? ते ओ देत नाहीत." तो म्हणायचा, "थांब जरा. ऐक."

मी थांबायचे. थोड्या वेळाने पलीकडून साखळी वाजायची. मग दुसरी.

मंडळी, इतकी वर्षं या दोन माणसांचं बोलणं एवढंच होतं. इकडून हाक, तिकडून साखळी. पण दादा ती साखळी ऐकल्याशिवाय गोळ्यांच्या पिशवीचं तोंड सोडायचा नाही. विश्वास तुटला असं गाव म्हणत होतं. मला विचाराल तर तो तिथेच होता, बांधावर, दर हाकेला थोडा थोडा दुरुस्त होत. दादा गेला म्हणून ते काम अर्धं राहावं का?

यंदा शेत वहिनी करणार आहेत. हाकही त्याच देतील. त्यांचा आवाज लहान आहे हरिभाऊ, कान द्यावा लागेल.

आता आपण सगळे दादासाठी उभे राहू. थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. पण त्याआधी एक मागणं, माहेरवाशिणीचं.

हरिभाऊ, उन्हाळ्यात त्या रानात गोळी नसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. यंदा मेंढरं दादाच्या रानात बसवा. तुम्ही नाही म्हणाल. मान हलतेय, मला दिसतेय. ठीक आहे. पण ते 'नाय' इथे नको, हरिभाऊ. ते बांधावर येऊन, वहिनींच्या हाकेला ओ देऊन, तोंडाने म्हणा.