शनिवारचा डबा

रक्त तपासायच्या रांगेत तिच्या शेजारी एक काका-काकू बसले होते. काकूंचं दोन दिवसांनी गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि साखर काकांना होती.

"सात डबे फ्रीजरमध्ये आहेत. भात नाही, बटाटा नाही. रोज एक काढून गरम करायचा."

"आणि भूक लागली तर?"

"अहो, तेच जेवण आहे."

"फ्लॉवरला जेवण म्हणतात होय."

"प्रत्येकावर वाराची चिठ्ठी आहे."

"शनिवारचा ऑम्लेटचा ना? छान झालाय."

"खाल्लात?"

"टिकतो का ते बघितलं."

"मग शनिवारी काय खाल?"

"तुझ्याकडे येईन. दवाखान्यात सूप देतात म्हणे."

काकू हसल्या. तिनं न राहवून विचारलं, "काकू, सूप फ्रीजरमध्ये किती टिकतं?"

"तीन महिने. कधी केलंस?"

"आईनं केलेलं. तिला जाऊन ऐंशी दिवस झाले."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"मग आजच काढ. मंद आचेवर गरम कर आणि बसून पी. चिठ्ठी आहे का त्यावर?"

"आहे. मंगळवार."

"ती आधी अलगद सोडवून घे. वाफेनं शाई पसरते."