कॅप्टन अजून वरच आहे

एकोणनव्वद साली अंबरनाथच्या एका दातांच्या दवाखान्यात दिनानाथ खोपकर गाल धरून बसले होते. टीव्हीवरच्या ‘तारायान’ या अंतराळ मालिकेचा एकूण एक भाग त्यांनी बदलापूरच्या वाचकांसाठी साप्ताहिकात लिहून काढला होता, कारण गुरुवारी नेमकी त्याच वेळेला तिथली वीज जायची. दिवाळीत मालिका मध्येच बंद पडली आणि त्यांचं सदरही.

पुढच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“मीनल, तुझ्या सासूबाई ऐकायच्या ना गं ते तारायान?”

“ऐकायच्या कसल्या, अजून ऐकतात! पेपर आला की म्हणतात, मला दिसत नाही, तूच वाच.”

“अगं, पण ते बंद झालं ना?”

“ते माईंना कोण सांगणार? शेवटच्या भागात कॅप्टन वर एकटा अडकलेला. त्या दिवशी त्या जेवल्यासुद्धा नाहीत.”

“मग?”

“मग काय, पेपर समोर धरते आणि मनाचंच काहीतरी वाचते.”

“त्यांना कळत नाही?”

“कळतंय कुठलं! परवा म्हणाल्या, खोपकर हल्ली बरं लिहायला लागलेत. आधी नुसती यंत्रं सांगायचे, आता कॅप्टन जेवला का तेही लिहितात.”

“बाई गं! मग आणलास का त्याला खाली?”

“निघालाय. पण वाटेत काय झालं माहितेय...”

“चला, पुढचा नंबर!” कंपाउंडर ओरडला.

“तुम्ही जा हो आधी,” दिनानाथ शेजारच्या गृहस्थांना हळूच म्हणाले.

“अहो, पण तुमचा दात ठणकतोय ना?”

“ठणकू दे. जा तुम्ही.”