दुसरा जिना

आमच्या सुनंदा मॅडमसारखा इंजिनिअर मी पुन्हा बघितला नाही, बरं का. नव्वदच्या दशकात इंदापुरात खाली दुकानं अन् वर थिएटर असं मोठं संकुल उभं राहत होतं. सगळं काम कऱ्हाटीच्या या मॅडमच्या हाताखाली, आणि मी त्यांचा सुपरवायझर.

एकदा मालक, म्हणजे तात्या, नकाशा बघून म्हणाले, "थेटराला दुसरा जिना कशाला? तितं चार गाळे निघत्यात."

मॅडमनी वाद घातला नाही. "तात्या, उद्या दुपारी साइटवर या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडून सगळे मजूर अर्धवट थिएटरात बसवले आणि तात्यांना मधोमध. मग बाहेरून हाक दिली, "चला, जेवायची सुट्टी!"

सगळे जिन्याच्या त्या एकाच दाराकडं धावले. रेटारेटीतून तात्या बाहेर आले तेव्हा टोपी गायब, सदरा घामानं चिंब. मला वाटलं, आता आमच्या दोघांच्याही नोकऱ्या गेल्या.

मॅडमनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "तात्या, ही नुसती भाकरीची घाई हाय. उद्या आग लागली तर?"

तात्या पाणी प्यायले, दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जिना बांधा. अन् पहिल्यापरास रुंद बांधा."