धाकूच्या दारची करवंदी

हं — टाळ जरा खाली ठेवा, बुवा. पेटीही थांबू दे. मंडळी, ऐका! आज गाण्याआधी एक प्रश्न विचारतो. आपण देवापुढे ठेवतो ना काही? नारळ ठेवतो, केळी ठेवतो, पेढे ठेवतो. ठेवलं, हात जोडले, झालं! पण ठेवलेलं सगळं त्याला पोचतं का हो?

"पोचतं" म्हणताय? सगळं? बघा हां! आणि मागून कोण म्हणालं "नाही"? बायकांच्या बाजूनं आवाज आला! बरोबरच आहे. नैवेद्य त्या रांधतात, आत काय काय घडतं ते त्यांना ठाऊक!

मी उत्तर देत नाही. उत्तर धाकू तावड्याकडून घेऊ. हा धाकू कोण? सड्याखालच्या एका गावातला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं ते काळ्या कातळाचं पठार, तुम्हाला काय सांगायचं! धाकूला आई आठवतच नव्हती. वाढवलं कोणी? थोरल्या बहिणीनं. भागीबायनं. लग्न होऊन गेली, वर्ष सरलं नाही तोच कपाळ पुसून परत आली, आणि या पोराला कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही.

घरात भात कमी आणि भूक जास्त! मग वैशाखात भागीबाय काय करायची? धाकूला घेऊन सड्यावर जायची. करवंदीच्या जाळ्या! हे एवढे काटे, आणि गोड करवंद नेमकं आत, काट्यांच्या मागं. भागीबाय हात घालायची. हात ओरबाडून निघायचा. काळं, पिकलं करवंद निघालं की धाकूच्या तोंडात. अर्धकच्चं निघालं की स्वतःच्या! त्याचा पांढरा चीक ओठांना लागला की ओठाला ओठ चिकटतो. काही लोकांना रोज सकाळी एक द्यावं, नाही का? घरात शांतता नांदेल!

आणि मग तो खेळ. सगळ्यांनी खेळलाय. करवंद अर्धं चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. भागीबाय विचारायची, "सांग रे धाकू, कोंबडा की कोंबडी?" धाकू म्हणायचा, "कोंबडा!" आणि कोंबडा निघाला नाही तर रडायचा. मग ती दुसरं काढायची. कोंबडा निघेपर्यंत काढायची.

आता पुढं चला. धाकू मोठा झाला. नाखव्याच्या होडीवर गेला, दोन पैसे गाठीला बांधले, चिऱ्याचं घर बांधलं, शेवंतीशी लग्न केलं. देवळाच्या कमिटीवर गेला! आणि भागीबाय? तिचे गुडघे गेले. सडा आता तिनं खालूनच बघायचा. एका वैशाखात ओटीवर बसून ती म्हणाली, "धाकू, एकदा करवंद खायचं होतं रे."

"हात्तिच्या! बाजारात बायका द्रोण घेऊन बसतात. आणतो की!"

"विकतचं नको. झाडावरून हातानं काढलेलं. त्याशिवाय ते करवंद नव्हे."

धाकूचा जीव होता हो बहिणीवर! खोटं कशाला बोला? तो सड्यावर गेला, टपोरी फळं आणली, बिया काढल्या, धुतल्या आणि ताज्या ताज्याच पेरल्या. करवंदाची बी वाळवून डबीत ठेवली की मेली म्हणून समजा. रोपं आली, त्यातलं जोमदार निवडलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात, दगडी गडग्यालगत लावलं. दिवसभर ऊन लागेल अशा जागी. म्हणाला, "बाय, तुझी जाळी आता तुझ्या दारात!"

भागीबायला काय आनंद! पोरासारखं सांभाळलं तिनं त्या रोपाला. भांड्यांचं पाणी करवंदीला. तांदळाचं धुवण करवंदीला. शेणखत करवंदीला. करवंदी अशी माजली, अशी माजली! पानंच पानं! फूल? एक नाही. हसू नका! आपल्या घरात असा एकेक असतोच. दूधतूप ओतावं, वर्षानुवर्षं ओतावं, आणि यायची ती पानंच!

शेवटी धाकूनं सांगितलं, "बाय, ही कातळावरची जात. लाड केलेस तर फळायची नाही. जरा उपाशी ठेव तिला." पाऊस सरल्यावर पाणी तोडलं. वेडेवाकडे फुटवे धाकूनं स्वतः छाटले, मधे ऊन शिरेल असं झाड मोकळं केलं. आणि रात्री देवीसमोर बोलून बसला. काय बोलला? "आई, माझी करवंदी फळू दे. पहिला बहर सगळा तुझा. तुझ्या पायाशी पोचेपर्यंत एका फळाला कुणाचं तोंड लागायचं नाही."

नवस बोलला! वाईट आहे का? नाही हो. पण लक्षात घ्या, झाड कुणासाठी लावलं होतं, आणि शब्द कुणाला दिला. आणि खरं सांगू? देवीच्या नावामागं आणखी काही होतं. वैशाखी पौर्णिमेला देवळाची वर्धापनाची जत्रा. सगळा गाव जमतो. "धाकूच्या दारची करवंदं देवीला!" असं लोकांनी म्हणावं, गुरवानं परडी उंच धरावी... हे धाकूला दिसायला लागलं होतं. कमिटीवर आहे ना!

माघात करवंदी फुलली. पांढरी चांदणफुलं, वास तर ओटीपर्यंत! मग हिरवी फळं, मग लालसर, मग काळी. पाखरं यायला लागली. धाकूनं होडीवरचं जुनं जाळं आणून झाडावर पसरलं, कडा दगडांनी दाबल्या. भागीबाय ओटीवर बसून बघते आहे. रोज बघते आहे. समोर काळीभोर करवंदं, चार पावलांवर!

"धाकू, एकच काढू? नुसतं बघते, कोंबडा की कोंबडी."

"नाही गो बाय! देवीचं आहे. पौर्णिमा झाली की सगळं झाड तुझं."

"बरं."

मंडळी, हे "बरं" ऐकलंत? आपल्या घरातसुद्धा रोज कुणीतरी म्हणतं. आपण पुढं जातो.

पौर्णिमा तोंडावर आली. सकाळी धाकू गुरवाला घेऊन आला. फळं दाखवायला! पाठीमागं कमिटीतली चार माणसं. अंगणात पाय ठेवला आणि बघतात तर काय? भागीबाय करवंदीशी वाकलेली. जाळं फाटलेलं. हात कोपरापर्यंत काट्यांत, रक्त आलेलं, आणि बोटं जांभळी झालेली!

धाकूचं डोकं फिरलं. गुरवासमोर! चार माणसांसमोर! "बाय! या वयात जिभेचे चोचले? लाज नाही वाटली? देवीचं फळ उष्टं केलंस?"

भागीबायनं वळून बघितलं. "नाही रे उष्टं केलं."

"मग बोटांना रंग कुठला? सगळा नवस मातीत घातलास माझा!"

स्वयंपाकघराच्या दारातून शेवंती धावत आली, काही बोलणार — तोच भागीबायनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. पदराला हात पुसले. ओटीवर जाऊन बसली. आणि गुरव बिचारा म्हणतो, "असू दे धाकूशेट, झाडावर फळं पुष्कळ आहेत." धाकू ऐकतोय कशाला!

त्या सांजेला भागीबाय काठी टेकत टेकत एकटीच देवळात गेली. परत यायला दिवेलागण झाली. धाकूला वाटलं, देवीची माफी मागायला गेली असेल. चूक कळली म्हातारीला! त्याला बरं वाटलं. हो मंडळी, बरं वाटलं त्याला.

पौर्णिमा आली. परडी भरून करवंदं! देवीच्या पायाशी ठेवली, गुरवानं गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं, गावानं वाहवा केली. झालं धाकूच्या मनासारखं. मग प्रसादाची परडी परत मिळाली आणि धाकू काय म्हणता, धावतच सुटला! सगळ्यात टपोरी, सगळ्यात काळी करवंदं द्रोणात निवडून घेतलेली. अहो, राग कधीच उतरला होता. बहिणीला घालायचं होतं ना! "बाय! घे! आता देवीचं झालं. आता पोटभर खा!"

भागीबायनं द्रोण दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांना लावला. कपाळाला लावला. आणि शेवंतीच्या हातात दिला.

"मी करवंद सोडलं रे, धाकू."

सोडलं! कळतंय का? तरुण मंडळींना नसेल कळत. आपल्याकडे माणसं देवाच्या नावानं आवडती वस्तू सोडतात. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं सोडतं. सोडलं की सोडलं. मरेपर्यंत तोंडाला लावायचं नाही.

"कधी सोडलंस?" धाकूनं विचारलं.

"त्याच सांजेला. देवीच्या फळाचा आळ आला ना माझ्यावर. म्हटलं, आई, ज्याच्यापायी हे झालं ते करवंदच नको. तुझ्या पायाशी सोडलं."

आणि तेव्हा शेवंतीला राहवलं नाही. म्हणाली, "अहो, त्यांनी फळ काढलंच नव्हतं! तुमच्या जाळ्यात बुलबुल अडकला होता. पंख गुंतले होते, ओरडत होता. त्या हात घालून सोडवत होत्या. काटे लागले, करवंदं चिरडली, तो रंग होता. मी बघत होते दारातून."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी खूण केली. मागाहून म्हणाल्या, गुरवासमोर माझ्या भावाला खोटं पाडायचं नाही."

धाकू खाली वाकला. बहिणीचे पाय धरले. ओरबाडलेल्या हातावर खपल्या धरल्या होत्या अजून. त्या हातानं तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. जेव्हा ते पोर सड्यावर भुकेनं रडत होतं, तेव्हा या हातानं देवीला विचारलं होतं का हो? "थांब धाकू, पहिलं देवीला"? नाही विचारलं! पहिलं करवंद पोराच्या तोंडात!

"बाय, मी कौल लावतो," धाकू म्हणाला. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलं लावून तिची आज्ञा घ्यायची, आपल्याकडची रीत. "देवी तुला मोकळं करेल. माझी चूक आहे, तिला सांगतो."

भागीबाय हसली. रागानं नाही, तेच तर वाईट! म्हणाली, "धाकू, तुझा देवीला दिलेला शब्द तू पाळलास. एक फळ इकडचं तिकडं होऊ दिलं नाहीस. मग माझाच शब्द वाऱ्यावर सोडू?"

स्वतःच्याच न्यायात सापडला होता माणूस!

मंडळी, करवंदी अजून फळते. दर वैशाखात लगडते. जाळं कधीच काढून टाकलं, बुलबुल येतात, पोरं येतात. भागीबाय झाडाशी पाट टाकून बसते, हातानं फळं काढून पोरांना देते आणि विचारते, "सांग, कोंबडा की कोंबडी?" तिच्या बोटांना रंग असतो. ओठांना नसतो.

आणि धाकू? एकदा तिनं त्याच्याही हातावर करवंद ठेवलं. "चाव रे. मला बघू दे." त्यानं चावलं. आत लाल! "कोंबडा," म्हणाला. पन्नाशी उलटलेला बाप्या, अंगणात उभा राहून रडला. कोंबडा निघाला तरी रडला! आणि या वेळी दुसरं काढून भागवण्यासारखं नव्हतं.

आता सांगा. परडी देवीपुढं ठेवली. पोचली का?

बोला की! मघाशी मोठ्यानं "पोचतं" म्हणत होतात! धाकूला हसू नका. तुमच्या घरी ओटीवर कोण बसलंय? कुणाला म्हणालाय, "थोडं थांब, हे झालं की तुझंच"? दिवाळी झाली की, पोरीचं लग्न झालं की, घराचा स्लॅब पडला की! आणि ते काय म्हणालं? "बरं" म्हणालं ना? त्या "बरं"ला मी भितो, मंडळी.

ही बघा, समोर देवीपुढं करवंदांची परडी आहे. आज सगळ्यांना द्रोण मिळेल. पण इथं खायचं नाही! आजोबा, तो हात मागं घ्या! घरी न्यायचं. ज्याला थांबवलंय त्याच्या हातावर ठेवायचं आणि त्यानं चावेपर्यंत समोर बसायचं. देवीची आरती? होईल हो. देवी खोळंबेल, तिला सवय आहे.

चला, परडी फिरवा. पहिली रांग, उठा. टाळ मागाहून.