एका ओळीचा शेरा

अफझलगंजला बसच्या रांगेत केसर कडेवरच्या लेकीला थोपटत उभी होती. पुढे दोन म्हातारे कारकून वाद घालत होते.

“मुनीरसाहेब, भाषांप्रमाणे राज्य फुटलं, माझी बदली झाली, परवा मी औरंगाबादला निघणार. जावयाच्या घरी राहायचंय. तो दर पत्रात तुमच्या लोकांना नावं ठेवत कुराणातली तीच ओळ लिहितो, ‘सापडतील तिथे मारा.’ त्याला सांगू काय?”

“तोबा! भगवंतराव, चौथ्यांदा विचारताय! आधीच्या ओळीत काय आहे?”

“लढायला येतील त्यांच्याशीच लढा, हद्द ओलांडू नका.”

“आणि पुढे?”

“ते थांबले, तर अल्ला माफ करणारा आहे.”

“मक्केतून हाकललेल्यांना सांगितलंय ते! तीस वर्षांत अख्खी फाईल न वाचता, एका कागदावरून कधी शेरा लिहिलात?”

“मी नाही हो, तो लिहितो! आणि त्याच्यापुढे माझी जीभ अडखळते.”

“या अल्ला! चला, बस आली.”

“जाऊ द्या ती. आधी तिन्ही ओळी लिहून द्या. खाली सही करा.”

“अहो, शब्द अल्लाचे, माझी सही कशाला?”

“तिथे तुम्ही नसाल ना.”