पहिल्या खुर्चीवरचे साहेबरावकाका

...नाय, पहिल्या खुर्चीवर बसायचं म्हंजी नुसता मान असतो का? तुम्हाला सांगतो, आमच्या हर्सूलच्या हौशी वाद्यवृंदाचा संचालक मी, पुढं उभा राहून हातानं इशारे देणारा. अन् पहिल्या व्हायोलिनवर कोण? साहेबरावकाका! कामून? तर वयानं मोठे, अन् तालीम त्यांच्याच हॉलमधी! म्हटलं, "काका, माझा हात खाली आला की सुरू करायचं." तर म्हणतात, "धम्मपाल, घाई कशाची रं? सूर काय पळून चाललाय व्हय?" अन् दरवेळी उशिरा! क्लॅरिनेटच्या रत्नमालाताई तर त्यांच्यावर ताण. अवघड जागा आली की क्लॅरिनेट पुसायला घेत्यात! "सर, थुंकी साचली." बरी अवघड जागेलाच साचती! पण मी घाबरतो व्हय? वाद्यवृंद चालतो माझ्या हातावर!

मंग आला वेरूळचा कार्यक्रम. सिल्लोडचे मंडळवाले ऐकायला येणार, पसंत पडलो तर त्यांच्या महोत्सवात आम्ही! म्हटलं, आता काकांचा बंदोबस्त करायलाच पायजे. व्हायोलिनच्या गजाला राळ लावली तरच ते वाजतं ना? म्या गुपचूप काकांच्या गजाला साबण चोळला! किती बी घासा, मुकं! काकांचा मान राहिला अन् लोकांचे कान बी. डोकं लागतं राव! वाद्यवृंद चालतो माझ्या हातावर!

पडदा वर. हात वर. हात खाली... अन् सन्नाटा! परत हात खाली... कुणी हलंना! समद्यांच्या माना काकांकडं! अवो, इतकी वर्षं माझ्या हाताकडं कुणी बघतच नव्हतं! काका उशिरा घुसायचे, अन् त्यांचं ऐकून हे समदे! काका आपले घासतायत, घासतायत... शेवटी वैतागले, गज मांडीवर ठेवला अन् भसाड्या गळ्यानं सूर धरला, "आऽऽऽ..." की समदे एकदम सुरू! रत्नमालाताईंनी बी क्लॅरिनेट पुसलं नाय! लई गोड वाजलं हो... खोटं कशाला बोलू, माझ्याच डोळ्यात पाणी आलं.

मंडळाचे अध्यक्ष धावतच स्टेजवर. मी हार घ्यायला मान बी वाकवली... तर हार काकांच्या गळ्यात! "काका, महोत्सवाला तुमी तर पायजेच पायजे! गाडीत जागा जरा कमी हाय... ते मधी उभं राहून हात हलवणारे नाय आले तरी चालंल."

जाणार हाय मी! माझ्या मोटारसायकलीवर. तिथं बसतो मागं, लोकांत... तिथून बी हात तर हलवता येतो ना?